दोन परिचारिका, 30 खाटा : एका रुग्णालयाच्या शुश्रूषा सेवेचे परीक्षण

या रुग्णालयाच्या शुश्रूषा सेवेला सरसकट एकच गुणांक देणे मला शक्य नाही. आईच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या निमित्ताने आम्हाला तिथे तीन प्रतींची सेवा मिळाली. अतिदक्षता विभागातील सेवा उत्तम होती, वॉर्डातील दिवसाची समाधानकारक होती आणि वॉर्डातील रात्रीची काळजी वाटावी अशी होती. या तिन्ही ठिकाणच्या परिचारिका सारख्याच शिकलेल्या, एकाच व्यवस्थापनाच्या हाताखालच्या होत्या आणि काही वेळा तर त्या त्याच होत्या. त्यामुळे हा फरक माणसांच्या स्वभावातून आलेला नसून त्यांना ज्या परिस्थितीत काम करावे लागते तिच्यातून आलेला आहे, असे माझे ठाम मत झाले आहे आणि हे परीक्षण मी त्याच अंगाने लिहीत आहे. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही. माझ्याशी मोकळेपणाने बोललेल्या परिचारिकांना त्याची झळ पोहोचू नये एवढाच त्यामागे हेतू आहे.

शस्त्रक्रियेनंतर आईला आधी अतिदक्षता विभागात ठेवले होते. तिथे दर दोन रुग्णांमागे एक परिचारिका होती. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अतिदक्षता विभागासाठी कायद्याने हेच प्रमाण बंधनकारक आहे. या प्रमाणाचा प्रत्यक्ष अर्थ काय, हे त्या संध्याकाळी कळले. आई बोलता बोलता मध्येच भलतेच काही विचारू लागली. कोणाही नातेवाइकाने तो भुलीचा अंमल समजून सोडून दिला असता, पण ड्यूटीवरच्या सिस्टरांनी दुपारी आई किती स्वच्छ बोलत होती ते पाहिलेले होते. त्यांनी तिला नाव, वार, आपण कुठे आहोत हे विचारले, चार्ट उघडून गेल्या काही तासांत लघवीचे प्रमाण घटल्याचे पाहिले, बोटावरच्या यंत्रातील प्राणवायूचा आकडा पुन्हा तपासला आणि डॉक्टरांना फोन करून एवढेच सांगितले, “आजी दुपारी नीट बोलत होत्या, आता गोंधळल्या आहेत. मला हे बरोबर वाटत नाही.” रक्त तपासल्यावर सोडियम बरेच खाली गेल्याचे निघाले आणि उपचार त्याच रात्री सुरू झाले. नाडी, रक्तदाब, ताप यांचे आकडे तोवर बिघडलेलेही नव्हते. आकडे बिघडण्याच्या आधी रुग्णात झालेला बदल टिपणे हा शुश्रूषेचा गाभा आहे आणि त्यासाठी एकाच माणसाने त्या रुग्णाला काही तास सलग पाहिलेले असावे लागते. या विभागाला मी पूर्ण गुण देते.

पुढे आईला अस्थिरोग वॉर्डात हलवले. त्या वॉर्डात 30 खाटा होत्या आणि रात्री आठ ते सकाळी आठ या पाळीत दोन परिचारिका व एक मदतनीस मावशी असत. खाटा बहुधा भरलेल्याच असायच्या, म्हणजे एका परिचारिकेच्या वाट्याला 15 रुग्ण येत. 12 तासांची 720 मिनिटे 15 रुग्णांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला 48 मिनिटे येतात आणि या 48 मिनिटांतच त्या रुग्णाची औषधे, इंजेक्शने, सलाइन, दोन-तीन वेळा बीपी व ताप पाहणे, ड्रेसिंगवर रक्त आले आहे का ते बघणे, बेडपॅन, चादर बदलणे, लॅबला फोन, डॉक्टरांना फोन, केस पेपर लिहिणे आणि पाळी बदलताना ओव्हर देणे, म्हणजे पुढच्या परिचारिकेला रुग्णांची माहिती सोपवणे, एवढे सगळे बसवायचे असते. परिचारिकेचे स्वतःचे जेवणही त्यातच येते. मध्यरात्री अपघाताचा एखादा रुग्ण दाखल झाला की दोघींपैकी एक त्याच्यातच गुंतते आणि उरलेले 29 जण दुसरीवर पडतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने 2016 साली निवडक सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांसाठी दिवसा चार रुग्णांमागे एक आणि रात्री सात रुग्णांमागे एक परिचारिका असे किमान सरासरी प्रमाण ठरवून दिले. कॅलिफोर्नियात 1999 साली झालेला कायदा 2004 पासून अमलात आला आणि 2005 पासून सर्वसाधारण वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावीच लागते, मग दिवस असो वा रात्र. आमच्या वॉर्डातील रात्रीचा भार क्वीन्सलँडच्या रात्रीच्या प्रमाणाच्या दुपटीहून थोडा जास्त आणि कॅलिफोर्नियातील प्रमाणाच्या तिप्पट होता.

या भाराचा परिणाम सर्वांत आधी कुठे दिसतो, तर रुग्णाला कुशीवर वळवण्यात. ज्याला स्वतःहून हलता येत नाही त्याला ठरावीक अंतराने वळवले नाही, तर माकडहाड, टाच, खुबा अशा हाडावरच्या जागी दाब येऊन तिथला रक्तप्रवाह कमी होतो आणि जखमा होतात. वयस्क रुग्णात अशी जखम भरून यायला महिनोन्महिने लागतात. दर दोन तासांनी वळवण्याचा प्रघात आहे आणि शस्त्रक्रिया झालेला पाय सांभाळत वळवायला दोन माणसे लागतात. वॉर्डात असे सहा रुग्ण असले आणि चादर सारखी करण्यासह प्रत्येकाला दहा मिनिटे लागली, तर दर दोन तासांतला एक तास दोन्ही परिचारिका केवळ याच कामात गुंतून राहणार. म्हणजे रात्रीचा निम्मा वेळ एका कामाला गेला. उरलेल्या निम्म्या वेळात वर सांगितलेली बाकीची सगळी कामे होणे शक्य नाही, हे रोस्टर, म्हणजे पाळ्यांचे वेळापत्रक, तयार करणाऱ्याला कागदावरच दिसायला हवे होते.

एका रात्री मी जागीच होते. साडेनऊच्या सुमारास आईला वळवले, त्यानंतर थेट पहाटे पाचला. मधल्या काळात सिस्टर दोनदा आमच्या खाटेपाशी आल्या, पण दोन्ही वेळा सलाइनच्या पंपाचा इशारा वाजला म्हणून आल्या आणि लगेच पुढे गेल्या. सकाळी खाटेच्या पायथ्याशी लावलेला तक्ता पाहिला तर त्यात दहा, बारा, दोन आणि चार या चारही चौकटींत एकाच पेनाने, एकाच हाताने बरोबरच्या खुणा केलेल्या होत्या. आईच्या उजव्या टाचेवर रुपयाएवढा लाल डाग उमटला होता आणि बोटाने दाबल्यावरही त्याची लाली जात नव्हती.

मी हे इन्चार्ज सिस्टरांच्या कानावर घातले. त्यांनी आधी आईची टाच पाहिली, पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी केली आणि मगच बोलल्या. “ताई, तुम्ही म्हणता ते खरं आहे, खोटं कशाला बोलू. चौकट रिकामी ठेवली तर ‘का नाही केलं’ म्हणून माझ्या मुलींना मेमो येतो. ‘दोघीच होत्या’ हे उत्तर कोणी लिहून घेत नाही.” हे उत्तर ऐकून मला जास्त काळजी वाटली. खोटी नोंद समर्थनीय नाहीच. पण ज्या तक्त्यात काम न झाल्याचे कारण लिहायला जागाच नाही आणि खरे लिहिणाऱ्याला शिक्षा आहे, तो तक्ता हळूहळू सगळ्यांनाच खोटे लिहायला शिकवतो. महिनाअखेरीस हेच तक्ते व्यवस्थापनाकडे जातात, तिथे सर्व रुग्णांना वेळच्या वेळी वळवले गेल्याचे दिसते आणि दोन परिचारिकांत वॉर्ड व्यवस्थित चालतो असा निष्कर्ष निघतो. मनुष्यबळाची कमतरता अशा रीतीने कागदावरून नाहीशी होते आणि ती रुग्णाच्या टाचेवर दिसते.

वेळ अपुरा असला की परिचारिका काय सोडून देतात, याचा अभ्यास झालेला आहे. बिट्रिस कॅलिश या अमेरिकी संशोधिकेने 2006 साली परिचारिकांशी बोलून राहून जाणाऱ्या कामांचा जो लेखाजोखा मांडला, त्यात रुग्णाला चालवणे, वळवणे, वेळेवर भरवणे, स्वच्छता, माहिती समजावून सांगणे, धीर देणे, घरी जाण्याची तयारी करून घेणे आणि रुग्णावर लक्ष ठेवणे ही कामे होती. आमच्या वॉर्डातही तेच दिसले. अँटिबायोटिकचे इंजेक्शन कधी चुकले नाही, कारण त्याची लेखी आज्ञा असते, वेळ ठरलेली असते, बिल निघते आणि राउंडला डॉक्टर विचारतात. आईला संध्याकाळी वॉकर धरून दहा पावले चालवायचे मात्र मनुष्यबळ कमी असलेल्या दिवशी हमखास राहून जायचे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण जितका लवकर उभा राहील तितका न्यूमोनियाचा, पायात रक्ताची गुठळी होण्याचा आणि कायमचे अंथरूण धरण्याचा धोका कमी होतो, हे डॉक्टरांनीच आम्हाला पहिल्या दिवशी समजावले होते. म्हणजे जे काम सर्वांत आधी गळते ते कमी महत्त्वाचे असते असे मुळीच नाही. त्याबद्दल विचारणारे कोणी नसते, म्हणून ते गळते.

याचा शेवट कुठे होतो हे सांगणारे आकडे आता नवे राहिलेले नाहीत. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील 168 रुग्णालयांचा अभ्यास करून 2002 साली दाखवून दिले, की परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण 30 दिवसांच्या आत दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते. त्याच एका जादा रुग्णामुळे परिचारिका कामाने पूर्ण पिळून निघण्याची शक्यता 23 टक्क्यांनी आणि कामाबद्दल असमाधानी असण्याची शक्यता 15 टक्क्यांनी वाढते. पुढे 2014 साली युरोपातील नऊ देशांच्या 300 रुग्णालयांतील 4 लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हाही मृत्यूबाबतचा आकडा 7 टक्केच निघाला. पदवीपर्यंत शिकलेल्या परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असेल, तर मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी कमी होते, हेही त्याच अभ्यासात दिसले. म्हणून वॉर्डात माणसे किती एवढेच पाहून भागत नाही, ती किती शिकलेली आणि किती अनुभवी आहेत हेही पाहावे लागते. माझ्या दृष्टीने 2002 च्या अभ्यासातील खरी महत्त्वाची गोष्ट ही, की रुग्णाचा मृत्यू आणि परिचारिकेचे खचणे या दोन्हींचे धागे एकाच कारणापर्यंत जातात. रुग्णांचे हित आणि परिचारिकांच्या मागण्या या परस्परविरोधी बाबी आहेत, असे जे नेहमी सांगितले जाते त्याला यात कुठेही आधार सापडत नाही.

औषध देण्याच्या कामाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण परिचारिकांच्या कामाची परिस्थिती म्हणजे नेमके काय, हे मला तिथेच सर्वांत स्पष्ट दिसले. रात्री नऊच्या औषधांची ट्रॉली आमच्या शेजारच्या खाटेपाशी उभी होती. त्या आजोबांना इन्शुलिन द्यायचे होते. सिस्टरांनी त्यांच्या मनगटावरचे नाव वाचले, केस पेपरवरचे युनिट पाहिले, बाटली उचलली आणि तेवढ्यात स्टेशनवरचा फोन वाजू लागला. त्यांनी बाटली ट्रेमध्ये ठेवली, फोन घेतला, परत आल्या, पुन्हा नाव वाचले, पुन्हा युनिट पाहिले. सिरिंजमध्ये औषध ओढत असताना एका नातेवाइकाने येऊन डिस्चार्जचे कागद कधी मिळतील ते विचारले. त्यांनी थांबून उत्तर दिले. मग समोरच्या खाटेवरचा पंप वाजला. तो बंद करून आल्यावर त्यांनी आधी भरलेली सिरिंज टाकून दिली, नवी घेतली आणि सगळे पहिल्यापासून केले. आजूबाजूच्या कोणाच्याही ते लक्षात आले नसेल, पण रात्रीच्या त्या गर्दीत सिरिंज टाकून देऊन पुन्हा सुरुवात करायला जी शिस्त लागते तिच्याविषयी माझ्या मनात अपार आदर आहे.

तरीही औषधांची सुरक्षितता एका व्यक्तीच्या शिस्तीवर सोडून देता येत नाही. सिडनीतील दोन रुग्णालयांत चार हजारांहून अधिक वेळा औषध देताना केलेल्या निरीक्षणाचे निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले. त्यात निम्म्याहून अधिक वेळा परिचारिकेच्या कामात व्यत्यय आला होता आणि प्रत्येक व्यत्ययागणिक कार्यपद्धतीतील त्रुटी व औषधातील प्रत्यक्ष चुका या दोन्हींत सुमारे 12 टक्क्यांची वाढ दिसली होती. व्यत्यय न आल्यास गंभीर चुकीची शक्यता 2.3 टक्के होती आणि चार व्यत्यय आल्यावर ती 4.7 टक्क्यांवर, म्हणजे दुपटीवर गेली होती. आमच्या वॉर्डात रात्री फोन घ्यायला कारकून नव्हता, कागदपत्रांची चौकशी करायला वेगळी खिडकी नव्हती, औषधांची इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, घेऊन स्टोअरमध्ये जाणारा माणूस सायंकाळी सहाला निघून जाई आणि ही सगळी कामे ओघानेच परिचारिकांवर येत. यांपैकी एकाही कामाला नर्सिंगचे शिक्षण लागत नाही. एक कारकून आणि एक निरोप्या रात्रीपुरता नेमला, तरी दोन परिचारिकांचा बराच वेळ रुग्णांसाठी मोकळा होईल, ही सूचना मी लेखी केलेली आहे. नातेवाइकांनीही ट्रॉली फिरत असताना सिस्टरांना हाक मारू नये. आमच्या खोळंबलेल्या कागदांपेक्षा शेजारच्या माणसाचे इन्शुलिन महत्त्वाचे आहे.

पाळी संपल्यावर रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीची परिचारिका, न येणे हा आणखी एक प्रकार. रात्रपाळी केलेल्या सिस्टर सकाळी अकरापर्यंत काम करताना मी पाहिल्या, कारण दिवसाची एक जण आजारी होती आणि बदली कोणी मिळाले नव्हते. वॉर्ड सोडून जाता येत नाही आणि जाणे त्यांच्या मनालाही पटत नाही, म्हणून त्या थांबतात. परिचारिकांनी स्वतः ठेवलेल्या नोंदींवरून 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, पाळी साडेबारा तास किंवा त्याहून लांबली की चूक होण्याची शक्यता तिप्पट होते असे दिसले होते. ज्या सिस्टर सकाळी अकराला आईचे कॅथेटर (लघवीची नळी) काढत होत्या त्या पंधरा तास उभ्या होत्या. त्यांचे हात व्यवस्थित चालत होते, पण आईच्या कोणत्या प्रश्नाला उत्तर दिले आणि कोणत्या नाही, हे त्यांच्या लक्षात राहत नव्हते.

मनोधैर्याबद्दल बोलताना लोक पगार आणि सन्मान एवढ्यावरच थांबतात. दोन्ही महत्त्वाचे आहेतच, मात्र मी ज्यांच्याशी बोलले त्यांची व्यथा वेगळी होती. अतिदक्षता विभागात आईतला बदल टिपणाऱ्या त्याच सिस्टर पुढे एका रात्री माणूस कमी म्हणून आमच्या वॉर्डात पाठवल्या गेल्या होत्या. आईने हाक मारली तेव्हा त्या न थांबता “आले, आजी, आले” म्हणत पुढे गेल्या आणि आल्या त्या बऱ्याच वेळाने. आवाज कोरडा होता, नजर पुढच्या खाटेकडे होती. पहाटे जरा उसंत मिळाल्यावर मी त्यांना पाणी दिले, तेव्हा त्या म्हणाल्या, “तिकडे मी काम करते. इकडे मी नुसती धावते. घरी गेल्यावर झोप लागत नाही, कोणाचं काय राहिलं तेच आठवत बसते.” काय करायला हवे हे पुरेपूर ठाऊक असताना ते करता न येणे आणि हे रोज घडणे, यासारखे माणसाला आतून पोखरणारे दुसरे काही नसावे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी बर्नआउटची, म्हणजे कामाने पिळून निघण्याची, तीन अंगे सांगितली आहेत : भावनिक थकवा, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काहीच भले होत नाही अशी भावना. यांतले दुसरे अंग रुग्णाला उद्धटपणा म्हणून जाणवते आणि तोच अभिप्रायाच्या वहीत नोंदवला जातो. पहिले आणि तिसरे कोणाला दिसतच नाही.

या मनःस्थितीत माणसे नोकरी सोडतात. 2002 च्या त्याच अभ्यासात पुरत्या थकलेल्या आणि असमाधानी परिचारिकांपैकी 43 टक्के जणींचा वर्षभरात नोकरी सोडण्याचा इरादा होता, तर इतरांमध्ये हे प्रमाण 11 टक्के होते. अनुभवी माणूस गेला की त्याच्या जागी नुकतीच शिक्षण संपवलेली मुलगी येते आणि तिला रात्रपाळीला सोबत करणारी ज्येष्ठ परिचारिका उरलेली नसते. गुंतागुंत होणे प्रत्येक वेळी टाळता येत नाही, पण ती झाल्यावर रुग्णाला वाचवता येणे हे ती वेळेत ओळखण्यावर अवलंबून असते आणि ओळखणारी नजर अनुभवानेच येते. आमच्या वॉर्डात एका रात्री दोघीही नव्या होत्या. घाबरलेल्या होत्या तरी प्रामाणिक होत्या, शंका आली की फोन करून विचारत होत्या. पण फोनवर पलीकडून “एवढ्यासाठी उठवलं?” असे ऐकावे लागलेले मी पाहिले आहे. असे दोनदा ऐकल्यावर तिसऱ्या वेळी फोन करण्याआधी ती मुलगी कचरणार आणि ती तिसरी वेळ कोणत्या रुग्णाची असेल हे सांगता येत नाही.

परिस्थिती वाईट आहे म्हणून सर्व काही क्षम्य ठरत नाही, हेही नोंदवले पाहिजे. एका वृद्ध गृहस्थांनी अंथरूण ओले केले म्हणून त्यांना सगळ्यांसमोर बोल लावणारी परिचारिका मी त्याच वॉर्डात पाहिली आणि त्याची तक्रारही केली. मात्र अशा वागण्याची दखल व्यक्तीपुरती घेऊन थांबणे धोक्याचे असते. इंग्लंडमधील मिड स्टॅफर्डशायर येथील रुग्णालयाच्या कारभाराची सार्वजनिक चौकशी झाली आणि तिचा अहवाल 2013 च्या फेब्रुवारीत आला. त्यात रुग्ण मळलेल्या अंथरुणात पडून राहिल्याचे, पिण्याचे पाणी हाताला लागणार नाही इतके दूर ठेवल्याचे प्रकार नोंदवलेले आहेत. त्यांच्या मुळाशी आर्थिक उद्दिष्टे गाठण्यासाठी केलेली कर्मचारी कपात आणि तक्रारी ऐकून न घेणारे व्यवस्थापन होते. निष्काळजीपणा हा तिथला नित्यक्रम होऊन बसला होता.

वॉर्डातील दिवसाची सेवा समाधानकारक का वाटली, तेही सांगते. दिवसा चार परिचारिका असत, शिवाय इन्चार्ज सिस्टर. सकाळची ओव्हर टेबलाशी बसून न होता खाटेजवळ उभे राहून होई. जाणारी सिस्टर येणारीला आईसमोरच सगळे सांगे आणि आईला विचारे, “आजी, माझं काही सांगायचं राहिलं का?” या पाच मिनिटांत आईला आपण कोणाच्या हाती आहोत ते कळे आणि रात्री राहून गेलेली गोष्टही तिथेच उघड होई. एका राउंडला इन्चार्ज सिस्टरांनी वेदनाशामकाच्या वेळेबद्दल हरकत घेतली, सर्जनांनी ती ऐकून घेतली आणि औषधाची वेळ चालायला उठण्याच्या अर्धा तास आधी ठेवली. आई त्या दिवसापासून न रडता चालू लागली. मनोधैर्य वाढवण्यासाठी भिंतीवर फलक लावण्यापेक्षा परिचारिकेचे म्हणणे असे मानले जाणे कितीतरी अधिक उपयोगी आहे.

जादा परिचारिका परवडत नाहीत हे व्यवस्थापनाचे नेहमीचे उत्तर असते आणि मलाही तेच मिळाले. क्वीन्सलँडमध्ये प्रमाण लागू झाल्यावर काय घडले, याचा अभ्यास 2021 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णालयांत नियम लागू झाला आणि ज्यांत झाला नाही त्यांची तुलना केल्यावर मृत्यू, पुन्हा भरती होणे आणि रुग्णालयातील मुक्काम या तिन्ही बाबतींत नियम असलेली रुग्णालये सरस ठरली. पुन्हा भरती न झाल्याने आणि मुक्काम घटल्याने जी बचत झाली ती जादा परिचारिकांच्या खर्चाच्या दुपटीहून अधिक होती. परिचारिका मिळतच नाहीत ही सबब मात्र काही अंशी खरी आहे, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगभरात परिचारिकांची संख्या सुमारे 2 कोटी 98 लाख असूनही 58 लाखांची तूट आहे. पण ज्या रुग्णालयात हाताशी असलेल्या परिचारिकांना रात्री फोन घ्यायला आणि स्टोअरच्या फेऱ्या मारायला लावले जाते, त्याने तुटीचे कारण पुढे करणे मला पटत नाही.

माझे गुणांकन असे : अतिदक्षता विभाग पाचपैकी पाच, वॉर्डातील दिवसाची सेवा पाचपैकी साडेतीन, रात्रीची सेवा पाचपैकी दीड. रात्रीचे हे दीड गुण सिरिंज टाकून पुन्हा भरणाऱ्या आणि पहाटेपर्यंत न बसलेल्या परिचारिकांचे आहेत. कमी पडलेले साडेतीन गुण रोस्टरचे आहेत. कोणाला आपल्या माणसाला कुठेही भरती करायचे असेल, तर खोलीचा प्रकार विचारण्याआधी रात्री त्या वॉर्डात एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात, त्यांतली किमान एक अनुभवी असते का आणि रिलीव्हर आला नाही तर काय व्यवस्था आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर देताना समोरचा माणूस अडखळला, तर तेही एक उत्तर समजावे.

अभिप्रायासोबत मी रात्रपाळीत तिसरी परिचारिका, फोनसाठी कारकून आणि तक्त्यात ‘काम झाले नाही, कारण’ असा स्तंभ, अशा तीन मागण्या लिहून दिल्या आहेत. तक्त्यातील स्तंभ सुरू केल्याचे पत्र आले आहे, बाकी दोन्ही ‘विचाराधीन’ आहेत. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढे करायची आहे आणि सर्जन आम्हाला तेच हवे आहेत. रात्रीची तिसरी परिचारिका प्रत्यक्ष कामावर आली आहे का, हे इन्चार्ज सिस्टरांना विचारूनच आम्ही तारीख घेणार आहोत.